दुखरा पाय आधी

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चौथा आठवडा लागला होता. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा गादीकडे दाबायचा, दहा आकडे धरून ठेवायचा, सोडायचा. असं वीसदा. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर परक्या लोकांकडून हेच करून घेते आणि ते निमूटपणे करतात. आई करत नाही. सहाव्या आकड्यालाच पाय सैल सोडते आणि वर मलाच विचारते, "झाले ना गं दहा?"

तोडगा निघाला तो टीव्हीमुळे. पडद्यावर एक माणूस आडवा झाला की गुडघा एकदा दाबायचा. वीस माणसं पडली की त्या वेळचा व्यायाम संपला. मालिकांमध्ये एवढी माणसं पडत नाहीत, नुसती एकमेकांकडे बघत राहतात. तेव्हा मी माझे पिक्चर लावले.

"हे बघतेस तू?" आई पहिल्या संध्याकाळी म्हणाली. "रोज?"

"रोज नाही गं."

"केवढी मारतेय ती त्यांना." मग जरा वेळानं, "हा नववा का दहावा?"

मला सुपारी घेऊन मारणाऱ्या बायकांचे पिक्चर आवडतात. हे मी क्लिनिकमध्ये कुणाला सांगत नाही. शांत स्वभावाच्या मॅडम म्हणून माझं नाव आहे, ते कशाला घालवा. शिवाय सांगायचं तर नेमकं काय सांगायचं, हाही प्रश्न आहे, कारण त्या बायकांना मराठीत धड शब्द नाही. मारेकरी म्हटलं की पुरुष डोळ्यांपुढे येतो. मारेकरीण म्हटलं की हसू येतं. विषकन्या हा जुना शब्द आहे, पण विषकन्येला काही करावंच लागत नाही. तिचं अंगच विषारी. तिच्या हाताला काही येतं की नाही, हे कुणी विचारतच नाही.

माझी ही आवड नाशिकच्या सिडकोतली. 1996 च्या सुमारास आमच्या गल्लीतला केबलवाला रात्री अकरानंतर इंग्रजी पिक्चर लावायचा. कुठला लावलाय ते बहुधा त्यालाही माहीत नसायचं. आवाज अगदी बारीक करून, बाबा झोपलेत याची खात्री करून, मी आणि माझा भाऊ बघत बसायचो. अशाच एका रात्री काळ्या झग्यातली एक मुलगी हॉटेलच्या स्वयंपाकघरातून पळताना पाहिली. भांडी फुटतायत, मागून गोळ्या येतायत, आणि ती रडतेय. घाबरून रडतेय आणि गोळ्याही झाडतेय. दोन्ही एकदम करणारं माणूस मी तोवर पडद्यावर पाहिलेलं नव्हतं.

तो पिक्चर म्हणजे 'निकिता', असं मी कैक वर्षं लोकांना छातीठोकपणे सांगत होते. पुढे कॉलेजात खरा 'निकिता' पाहिला तेव्हा कळलं की बाई वेगळी, भाषा वेगळी, गोष्ट मात्र तीच. खरा 1990 चा, फ्रेंच, ल्यूक बेसाँचा, त्यात ॲन पारिलो. केबलवर पाहिला तो 1993 चा अमेरिकन अवतार, ब्रिजेट फोंडाचा. मधे 1991 मध्ये हाँगकाँगवाल्यांनीही 'ब्लॅक कॅट' म्हणून तीच गोष्ट करून घेतली होती. मग 1997 मध्ये एक टीव्ही मालिका, 2010 मध्ये आणखी एक. त्या एका पोरीला किती जणांनी पुन्हा पुन्हा मेल्याचं दाखवून कामाला लावलंय, याची गणतीच नाही.

गोष्ट अशी. नशेच्या आहारी गेलेली एक मुलगी पोलिसाला गोळी घालते, तिला जन्मठेप होते. सरकार ती मेल्याचं जाहीर करतं आणि तिला आपली मारेकरी बनवतं. काही वर्षं आत डांबून शिक्षण चालतं. मग वाढदिवसाला तिचा वरिष्ठ तिला एका भारी हॉटेलात नेतो. कित्येक दिवसांनी बाहेरची हवा. तो भेटीची पेटी पुढे करतो, ती हरखून उघडते, आत पिस्तूल. त्या टेबलावरच्या माणसाला मार आणि बाथरूमच्या खिडकीतून निघून जा. ती मारते, बाथरूम गाठते, खिडकी उघडते, तर समोर विटांची भिंत.

ही भिंत माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. मारामारी विसरले, गोळ्या विसरले, पण विटा लक्षात आहेत. पहिल्या नोकरीत मला "वर्षभरात कायम करू" म्हणाले होते, तेव्हाही मला त्याच विटा दिसल्या होत्या. या पिक्चरांमधल्या बायका मुळात नोकरदार आहेत, हे लोकांच्या लक्षात येत नाही. सगळ्यांना बंदूक दिसते. मला वरिष्ठ दिसतो, करार दिसतो, रजा न मिळणं दिसतं. 2023 मधल्या 'किल बोकसून' या कोरियन पिक्चरमध्ये तर बाई नामांकित मारेकरी आहे, घरी वयात आलेली मुलगी आहे, आणि सगळा पेच कंपनीशी केलेला करार पुढे चालू ठेवायचा की नाही यावर आहे. माणूस मारणं सोपं, पोरीशी बोलणं अवघड. आईला हा पिक्चर सगळ्यात आवडला. व्यायाम मात्र अर्धाच झाला, बोलण्यात फार वेळ गेला.

'निकिता'तच आणखी एक प्रसंग आहे. झान मोरोनं केलेली एक वयस्क बाई निकिताला आरशापुढे बसवते आणि ओठांना रंग लावायला, हसायला शिकवते. पिस्तूल शिकवायला पुरुष, हसायला शिकवायला बाई. खातेवाटप जगभर सारखंच दिसतं.

माझी या पिक्चरांविरुद्ध एक जुनी तक्रार आहे. बाईला मारायला कारण लागतं. पुरुष मारेकरी पडद्यावर येतो तो कोट घालून, हातमोजे चढवून, कामाला लागतो. तो असा का झाला हे विचारायला कुणी थांबत नाही. 2014 मध्ये 'जॉन विक'मधल्या एकाला मारलेल्या कुत्र्याचं निमित्त लागलं, पण त्याचं लोकांना हसूच आलं. बाईचं मात्र आधी काहीतरी जायला हवं. 'किल बिल'मध्ये लग्नाच्या तालमीत तिच्यावर गोळ्या झाडल्या जातात, पोटात मूल असताना. 'द विलेनेस'मध्ये लहानपणीच बाप डोळ्यांपुढे मारला जातो. 1973 च्या जपानी 'लेडी स्नोब्लड'मध्ये तर आई तुरुंगात मुलीला जन्म देते तीच सूड घ्यायला. मला त्या पोरीची फार दया येते. जन्मायच्या आधीच नोकरी लागलेली.

नाशिकच्या माणसानं या बाबतीत बोलूच नये खरं तर. आमच्या गावाचं नावच बाईच्या कापलेल्या नाकावरून आलं असं आम्ही पाहुण्यांना हौसेनं सांगतो. तपोवनात नेऊन ती जागाही दाखवतो, वर नाक धरून हसतो. या पिक्चरांच्या हिशेबानं शूर्पणखेचा पहिला भाग पुरा झालेला आहे. दुसऱ्या भागात तिनं तयार होऊन परत यायला हवं होतं. ती भावांकडे गेली. पुढची सगळी लढाई पुरुषांनी केली आणि तिचं काय झालं याची चौकशी कुणी केली नाही.

खऱ्या जगात कारण वेगळ्याच कामाला येतं. 21 डिसेंबर 1909 ला आमच्या विजयानंद थेटरात 'संगीत शारदा' पाहायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या. त्यांचं नाव मैदानाला आहे, शाळेतल्या पोरालाही ते ठाऊक असतं. 14 डिसेंबर 1931 ला कोमिल्ल्यात मॅजिस्ट्रेट स्टीव्हन्सवर शांती घोष आणि सुनीती चौधरी या दोन शाळकरी मुलींनी गोळ्या झाडल्या. पोहण्याच्या स्पर्धेचा अर्ज घेऊन आलोय, असं सांगून त्या आत गेल्या होत्या. मुलींच्या हातात अर्जच असणार, असं धरून चालणाऱ्या साहेबाच्या बंगल्यात. आमच्याकडे त्यांची नावं मी एकाही पेशंटच्या तोंडून ऐकलेली नाहीत. मलाही ती उशिराच कळली.

असो. आईकडे येते.

'द लाँग किस गुडनाइट' म्हणून 1996 चा एक पिक्चर आहे. जीना डेव्हिस शाळामास्तरीण आहे, आठ वर्षांपूर्वीचं तिला काही आठवत नाही. एक दिवस स्वयंपाकघरात गाजर चिरता चिरता तिचा हात आपोआप वेग घेतो. सटासट चकत्या पडायला लागतात. तिला वाटतं, आपण पूर्वी आचारी होतो वाटतं! आनंदानं ती आणखी भाज्या मागवते. मग एक टोमॅटो हवेत उडवते आणि चाकू फेकून तो भिंतीला खिळवते. घरातले गार.

आई पलंगावर बसून चवळीच्या शेंगा मोडत होती. तिनं पडद्याकडे पाहिलं. "एवढ्या चकत्या करून पुढे काय करणार आहे त्याचं?"

"आई, तो मुद्दा नाहीये."

"मुद्दा कसा नाही? टोमॅटो वाया घालवला." मग ती थोडा वेळ गप्प राहिली. "हात असा विसरत नाही, ते मात्र खरं आहे."

ते मलाही माहीत आहे. पक्षाघातानंतर स्वतःच्या मुलाचं नाव न आठवणाऱ्या एका आजींच्या हातात मी एकदा कणकेचा गोळा दिला होता. त्यांनी तो तळहातावर घेऊन असा काही गोल फिरवला की शेजारच्या कॉटवरच्या काकाही वळून बघायला लागले. कुठल्याशा कोपऱ्यात हात स्वतःचं स्वतः लिहून ठेवतो. लेखकाला ते चाकूत दिसलं, मला कणकेत. पिक्चरमध्ये मात्र तिथेही शेवटी हिशेब जुळवलेलाच आहे: मास्तरीण व्हायच्या आधी ती सरकारी मारेकरी होती. नुसतीच हुशार हाताची बाई होती, असं ठेवून चाललं नसतं.

आता माझ्या गावाची फुशारकी. भारतीय पडद्यावरची पहिली मारेकरीण नाशिकची, असं माझं म्हणणं आहे, आणि मी ते मागे घेणार नाही.

त्र्यंबकेश्वरात 1870 मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. नाटकातल्या बायका नको म्हणाल्या, नाचगाण्यावर जगणाऱ्याही नको म्हणाल्या. शेवटी मुंबईतल्या एका खानावळीतले अण्णा साळुंखे तारामती झाले. हे सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतरचं कमी जण सांगतात. त्याच वर्षी, 1913 मध्ये, फाळके नाशिकला आले आणि त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' केला. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला. वय तेराच्या आसपास. हीच पुढे कमलाबाई गोखले. पडद्यावर बाईचं काम बाईनं करायची आपल्याकडची ही सुरुवात.

आणि ते काम कुठलं, तर खुनाचं. ज्याच्या डोक्यावर हात ठेवेल त्याची राख होईल असा वर भस्मासुराला मिळालेला. मोहिनी त्याच्यापुढे नाचते. तो भुलतो, ती करेल तसं करायला लागतो. कंबर, खांदा, मान, हात. नाचता नाचता मोहिनी स्वतःचा हात डोक्यावर नेते. तोही नेतो. ना शस्त्र, ना रक्त, ना पुरावा. इतका स्वच्छ खून त्या फ्रेंच-अमेरिकन मंडळींना शंभर वर्षांत जमलेला नाही. (माझा धंदा तरी काय वेगळा आहे? "मी करते तसं करा काका. हात वर. अजून वर. आता डोक्यावर." दर वेळी मला भस्मासुर आठवतो आणि काकांचा खांदा जरा जास्त उघडतो.)

पण गंमत पुढेच आहे. मोहिनी बाई नाहीच, विष्णू आहे. म्हणजे तारामतीच्या वेळी बाईचं काम पुरुषानं केलं, आणि पहिल्यांदा बाई आली ती बाईचं सोंग घेतलेल्या पुरुषाचं काम करायला. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये तेच साळुंखे राम आणि सीता दोन्ही झाले, ते वेगळंच. पुढे 2010 मधला 'सॉल्ट' पाहताना मला हे सगळं आठवलं. ती भूमिका मुळात एडविन सॉल्ट नावाच्या पुरुषासाठी लिहिलेली होती, टॉम क्रूझशी बोलणी चालू होती. ते जमलं नाही, अँजेलिना जोली आली, एडविनची एव्हलिन झाली. मधल्या सत्त्याण्णव वर्षांत फरक एवढाच पडला की आत पुरुष बसलाय हे आता सांगावं लागत नाही.

खरं बघायला मी बसते ते मात्र यातल्या कशासाठीच नाही. मी बसते अंग बघायला.

बहुतेक पिक्चरांत बायकांच्या मारामारीत एक ठरलेला डाव असतो. उडी मारून पुरुषाच्या मानेभोवती पाय टाकायचे, गरगर फिरायचं आणि त्याला आपटायचा. डाव अगदीच खोटा नाही, बाईचा जोर हातांपेक्षा मांड्यांतच असतो. पण तो साधायला पुरुषानं नीट पाय रोवून तिला तोलून धरावं लागतं. म्हणजे मार खाणाराच सगळं काम करतो. त्या बिचाऱ्या स्टंटवाल्याच्या पाठीचा विचार करत मी बसते, मग पुढची गोष्ट कळत नाही.

'ॲटॉमिक ब्लाँड'मधला जिना असा नाही. 2017 चा पिक्चर, 1989 चं बर्लिन, भिंत पडायच्या बेतात. चार्लीझ थेरॉन एका माणसाला वाचवत जिन्यात अडकते आणि साधारण दहा मिनिटं कॅमेरा तिला सोडत नाही. प्रत्यक्षात ते बरेच तुकडे बेमालूम जोडलेले आहेत. दिग्दर्शक डेव्हिड लीच स्वतः आधी स्टंटमन होता, आणि ते दिसतं, कारण तो तिला दमू देतो. मार खाल्लेलं आणि दमलेलं यात फरक असतो. दमलेल्या माणसाचे आधी हात खाली येतात. मग तोंड उघडतं. मग तो भिंतीला नाहीतर स्वतःच्या गुडघ्यांना हात टेकतो, कारण हात टेकले की खांदे स्थिर होतात आणि मानेचे, छातीचे स्नायू बरगड्या उचलायला मोकळे होतात. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. थेरॉन त्या जिन्यात हे सगळं करते. शेवटी ती आणि तो रशियन, दोघंही धड उभे राहू शकत नाहीत, दारुड्यांसारखे एकमेकांना धरून हळू हळू मारत राहतात. तयारीच्या दिवसांत जबडा आवळून तिचे दोन दात तडकले होते. मी पेशंटांना रोज सांगते, जोर पायात लावा, दातात नको.

तिथे मला कारण आठवत नाही. ती कुणासाठी लढतेय, कुठल्या सरकारची आहे, कुणी तिचं काय हिरावलंय, काही नाही. एक बाई दमलीय आणि जिना अजून शिल्लक आहे. उमा थर्मनबद्दल वाचलं तेव्हाही असंच झालं. 'किल बिल'च्या वेळी तिला गाडी स्वतः चालवायला लावली, ती झाडावर आदळली, आणि मान नि गुडघे कायमचे दुखावले, असं तिनं 2018 मध्ये सांगितलं. त्यानंतर तो पिक्चर मी पाहिला तेव्हा तिच्या तलवारीकडे लक्षच गेलं नाही. गुडघेच बघत बसले.

आईनं तो जिना दोनदा पाहिला. वीस माणसं काही पडली नाहीत, पण व्यायाम पुरा झाला. तिचा स्वतःचाच श्वास चढला होता.

"हिला कुणी पाठवलंय?" तिनं विचारलं.

"सरकारनं."

"आणि हत्यारं?"

"त्यांचीच. पण आत्ता तिच्याकडे काहीच नाही, हाताला लागेल ते घेतेय."

आई म्हणाली, "देवीचं तसंच की." आईचं माहेर दिंडोरीकडचं, त्यामुळे देवी म्हणजे वणीची, सप्तशृंगी. "महिषासुर आवरेना तेव्हा देवांनी तेज एकत्र करून तिला उभी केली. शंकरानं त्रिशूळ दिला, विष्णूनं चक्र दिलं, इंद्रानं वज्र दिलं, हिमालयानं सिंह दिला. सगळे देव होते तिथं, पण लढायला एकटी तीच."

मी थक्कच झाले. इतकी वर्षं मी हे पिक्चर बघतेय, आणि गडावर अठरा हातांत अठरा शस्त्रं घेतलेली, मान कलती करून उभी असलेली मूर्ती लहानपणापासून पाहतेय. भेटीच्या पेटीतलं पिस्तूल मला तिथं कधी दिसलं नव्हतं.

"मग काम झाल्यावर परत मागितली असतील हत्यारं," मी म्हटलं.

"कोणी?"

"देवांनी."

आईनं शेंगांची परात बाजूला सरकवली. "तिनं परत केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. अठरा हात अजून भरलेलेच आहेत."

अकराव्या आठवड्यात आईनं वणीला जायचं काढलं. पायऱ्या चढू द्यायला मी तयार नव्हते, पण 2018 पासून गडावर ट्रॉली आहे, तेव्हा नाही म्हणायला काही कारण उरलं नाही. सकाळी सहाला निघायचं ठरलं. खणनारळाची पिशवी भरली, दार ओढलं, आणि लिफ्ट बंद. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. मजल्याला अठरा पायऱ्या, चोपन्न एकूण. आतापर्यंत क्लिनिकमधल्या लाकडी तीन पायऱ्यांपलीकडे मी तिला उतरवलेलं नव्हतं.

"उद्या जाऊ," मी म्हटलं.

तिनं डाव्या हातानं कठडा धरला. काठी माझ्याकडे दिली आणि परत मागून घेतली. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. हे मी रोज दहा जणांना सांगते आणि तिला शंभरदा सांगितलंय. मी तिच्या पुढे, एक पायरी खाली, तिरकी उभी राहिले.

"माझ्यापुढून सरक. मला दिसत नाहीये."

"आई, तोल गेला तर..."

"सरक."

मी भिंतीला लागले. तिनं काठी खालच्या पायरीवर टेकवली, उजवा पाय सोडला, टेकला, क्षणभर थांबली, मग डावा आणला. "एक," ती म्हणाली. परत काठी, उजवा, डावा. "दोन."

वळणावर ती थांबली. हात कठड्यावर, तोंड उघडं, खांदे वर. पहिल्या मजल्यावरच्या काकू दुधाची पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. एकेक आकडा जिन्यातून खाली येताना ऐकून त्यांनी वर मान केली.

"काय मोजताय हो वहिनी, सकाळी सकाळी?"

"माणसं," आई म्हणाली, आणि उजवा पाय पुढच्या पायरीवर सोडला. "दहा."